आडतीतला लॅपटॉप: हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याच्या नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात आण्णांची हळदीची आडत आहे, तिथला हा लॅपटॉप. इंटेल आय फाइव्ह ७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की दिवाणजींचा चहा होतो, पेपर वाचून होतो, तरी हिशेबाचं टॅली उघडत नाही. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, घ्यायला आलेला शेतकरी तोवर काउंटरपाशी ताटकळतो. फेब्रुवारीत नव्या हळदीचे सौदे रंगात येतील, त्याआधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क, बसवायचं काम उरकायचं आहे.

टास्क मॅनेजर उघडून बघितला. प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी मोकळी, डिस्क मात्र सलग १०० टक्के. अशा वेळी 'नवीन लॅपटॉपच घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते तो इथे लागू नाही. ही डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय डोकं सरकायला १० ते १२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फायली वाचताना सेकंदाला जेमतेम साठ वाचनं होतात. विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं लागतात. प्रोसेसरचा यात काही दोष नाही, तो बिचारा डिस्कची वाट बघत बसतो.

मग डिस्कची प्रकृती सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो लावला आणि कामाचा क्रमच बदलला. वर पिवळं 'कॉशन'. खाली सी फाइव्ह, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाविना अडकलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), त्यापुढे १८. हे ॲप कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवतं, त्यामुळे १८ म्हणजे खरे २४. आकडा छोटा आहे. पण डिस्क मरायला लागली की तो कधी वाढेल याचा नेम नसतो. तेव्हा वेगाचं नंतर, आधी आतली माहिती बाहेर.

आण्णांना तसं स्पष्ट सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, बाकीचं ऱ्हाऊ दे, पण एकोणीसची खाती तेवढी जपा." २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गावभागातल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि माळ्यावर पोचवायच्या आत त्या वर्षाच्या वह्या भिजून लगदा झाल्या. त्या सालची उधारी, उचल, शेतकऱ्यांची देणी यांची आता एकच प्रत उरली आहे, आणि ती या पिवळ्या पट्टीच्या डिस्कवर.

आज एवढंच केलं: टॅलीचा पूर्ण बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि लगेच परवाना 'सरेंडर', म्हणजे या संगणकावरून सोडवून घेतला. परवाना त्या त्या संगणकाशी बांधलेला असतो. डिस्क अचानक बसली तर तो सोडवून घ्यायला फोनाफोनी करावी लागते. जुनी डिस्क चालू आहे तोवर दोन मिनिटांत काम होतं. आण्णांच्या मुलाच्या संगणकावर तोच परवाना चालू करून बॅकअप उतरवला, म्हणजे दिवाणजींचं काम थांबणार नाही. लॅपटॉप बंद करून विश्रामबागला माझ्या टेबलावर आणला. आता प्रत निघेपर्यंत यातून विंडोज चालू करायचं नाही. नुसतं चालू केलं तरी ते डिस्कवर लिहीत राहतं.

७ डिसेंबर, रविवार

डिस्क विकत घेण्याआधी लॅपटॉप उघडणं. हा क्रम मी कधीच बदलत नाही. खोक्यावर आणि माहितीपत्रकात जे छापलेलं असतं ते त्या नावाच्या सगळ्या लॅपटॉपना लागू असतंच असं नाही. एकाच मॉडेलच्या एका बोर्डावर एम डॉट टूची, म्हणजे कांडीसारखी पातळ एसएसडी बसवायची, खोबण डाखलेली असते, दुसऱ्यावर त्या जागी नुसते डाखाचे ठिपके असतात.

आधी डीव्हीडी ड्राइव्ह सरकवून काढला, त्याच्याखाली दोन बारीक स्क्रू लपलेले होते. तळाचे स्क्रू दोन लांबीचे. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावला. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डाच्या बाजूने फुगवटा येतो किंवा बोर्डच चिरतो. झाकण उचललं. पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं, मग पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरणं, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जातो.

आतला रंग बघण्यासारखा होता. पंख्याची पाती, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या फटी, सगळं हळदीने भरलेलं. हळदीच्या पॉलिशची धूळ यार्डात हवेत तरंगत असते, पंखा ती दिवसभर आत ओढतो. फटींमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसला होता, चिमट्याने धरला तर सलग निघाला. उरलेलं मऊ ब्रशने झाडलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं. हळदीचा रंग पाण्याला दाद देत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतो. बोळे एकामागून एक पिवळेधमक. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्टही बदलून टाकली.

आता मुख्य प्रश्न: इथे काय बसतं?

जागा दोन आहेत. एक अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी, रुळलेली पद्धत) डिस्कची, जिथे सध्याची हार्ड डिस्क आहे. दुसरी एम डॉट टूची खोबण, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब कांडीसाठी. खोबणीतली खूण 'एम' प्रकारची. ती दिसली की बरेच जण थेट एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान पद्धतीची कांडी, घेऊन मोकळे होतात. पण खोबणीचा आकार आणि तिच्यातून धावणारी भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम डॉट टू हे मापाचं नाव. त्या मापातून साटाही चालतं आणि पीसीआयई मार्गावरचं एनव्हीएमईही. बोर्ड बनवणाऱ्याने कोणत्या तारा तिथपर्यंत आणल्या, त्यावर सगळं ठरतं. कांडीवरच्या खाचाही पुरता भरवसा देत नाहीत. दोन खाचांची कांडी बहुधा साटा असते, पण दोन खाचांची एनव्हीएमईही बाजारात मिळते.

दुरुस्तीपुस्तिकेत या खोबणीपुढे फक्त 'साटा' लिहिलंय. खात्री करायला टेबलावरची एक एनव्हीएमई कांडी लावून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन, उघडला. यादीत काहीच नाही. तिच्या जागी एम डॉट टू साटा लावली, लगेच नाव आलं. विषय संपला. कुणी इथे चारपट वेगाची कांडी बसवून देतो म्हणालं, तर ती नुसती खोबणीत बसेल, चालणार नाही.

बायोसमध्ये असतानाच साटाची पद्धत बघून घेतली: एएचसीआय. बरं झालं. ती रेड (आरएआयडी) असती तर तशीच ठेवून काम करावं लागलं असतं. चालू विंडोजखालून ही पद्धत थेट बदलली की निळी स्क्रीन येते, डिस्क चालवणारा ड्रायव्हरच सापडत नाही. संगणकाची सुरुवात यूईएफआयने (बायोसची नवी पद्धत) होते, डिस्कच्या विभागांची नोंद जीपीटी तक्त्यात.

९ डिसेंबर, मंगळवार

जुन्या डिस्कची प्रत काढली. या कामात हीच पायरी सगळ्यात जपून करायची.

क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, करणारी नेहमीची ॲप्स खराब सेक्टरपाशी अडतात, तिथेच घासत बसतात, आणि तेवढ्या वेळात डिस्क आणखी खालावते. म्हणून जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलेली जागा टिपून ठेवून पुढे जातं आणि शेवटी तेवढ्याच जागांकडे परत येतं. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहीत जातं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. तरीही टेबलावरचा संगणक यूपीएसवर होताच.

जुनी १ टीबी डिस्क स्रोत, माझी २ टीबीची कामाची डिस्क लक्ष्य. आज्ञा देण्याआधी दोन्ही डिस्कचे क्रमांक छापील चिठ्ठीशी ताडून पाहिले. स्रोत आणि लक्ष्य उलटे झाले तर परतीचा रस्ता नाही. ताशी साधारण ३०० जीबीच्या गतीने वाचन झालं, शेवटच्या भागात गती उतरली. आतल्या कड्यांवर ती उतरतेच.

न वाचता आलेले भाग तीन, मिळून १२ केबी. २४ सेक्टर गुणिले ५१२ बाइट, बरोबर तेवढेच. या डिस्कचा एक भौतिक सेक्टर ४०९६ बाइटांचा, म्हणजे तीन ठिपके गेले. १ टीबीत १२ केबी. ऐकायला काहीच नाही, पण ते १२ केबी कोणत्या फायलींत आहेत ते कळल्याशिवाय स्वस्थ बसता येत नाही. डीडीरेस्क्यूला प्रतीवरच्या त्या जागा एका ठरावीक शब्दाने भरायला लावल्या आणि मग सगळ्या फायलींत तो शब्द शोधला. दोन भाग मोकळ्या जागेत निघाले. तिसरा एका पीडीएफमध्ये: वजनकाट्याच्या पावत्यांचं स्कॅन, गेल्या वर्षीचं. त्यातलं एक पान उघडत नाही.

आण्णांना फोन केला. दिवाणजींनी मूळ पावत्यांची फाइल काढली, त्यात ती होती. संध्याकाळी पुन्हा स्कॅन करून पाठवली.

२०१९-२० चं टॅलीचं फोल्डर प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर उघडलं. ताळेबंद उघडला, खातेवह्या उघडल्या. लेखापरीक्षकाच्या छापील अहवालाशी शेवटचे आकडे ताडले, पैसाही इकडचा तिकडे नाही. एवढं झाल्यावर आण्णांना दुसऱ्यांदा फोन केला.

१३ डिसेंबर, शनिवार

एसएसडी घेतली. अडीच इंची, साटा, ५०० जीबी, टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट ठेवणारी), स्वतःची डीरॅम कॅश (हाताशी ठेवायची झटपट मेमरी) असलेली, पाच वर्षांची हमी.

एम डॉट टू साटा का नाही? वेग दोन्हींचा सारखाच, साटाची मर्यादा ६ गिगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपास. एम डॉट टू मापात साटा कांड्या आता कमी मिळतात आणि उद्या हा लॅपटॉप गेला तर त्या कांडीचा दुसरीकडे उपयोग करायला आधी तशी खोबण शोधावी लागेल. अडीच इंची डिस्क कुठल्याही जुन्या डेस्कटॉपला किंवा यूएसबी केबलला लागते. कांडी घेण्याचा एक फायदा असतो, हार्ड डिस्क साठवणीसाठी आत ठेवता येते. पण जी हार्ड डिस्क मरायला टेकली आहे ती आत ठेवायचीच नाहीये.

आयुष्याचा हिशेब. हमीपत्रात टीबीडब्ल्यू हा आकडा असतो, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबीला तो ३०० आहे, क्रुशियलच्या एमएक्स५०० च्या ५०० जीबीला १८०. १८० धरला तरी पाच वर्षं रोज ९८ जीबी लिहावं लागेल. आडतीत दिवसाला दहा-पंधरा जीबी होत असेल. तेव्हा या आकड्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. कॅशला मात्र मी महत्त्व देते. डीरॅम नसलेल्या स्वस्त साटा डिस्क भरत आल्या आणि त्यात एकदम मोठं लेखन आलं की पुन्हा हार्ड डिस्कच्या चालीवर येतात, आणि एनव्हीएमईला यजमान संगणकाची रॅम उसनी घेण्याची जी सोय आहे ती साटाला नाही.

मेमरी चिपच्या किमती या हिवाळ्यात चढल्या आहेत, डेटा सेंटरांनी माल उचलल्यामुळे. त्यामुळे 'अर्ध्या किमतीत दोन टीबी' छाप माल बाजारात फिरतोय. आत पेन ड्राइव्हची चिप आणि खोटं माप सांगणारं फर्मवेअर असतं. माप भरलं की जुन्याच माहितीवर नवी लिहिली जाते. नवी डिस्क पक्क्या बिलावर घेतली, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासला, मग एचटूटेस्टडब्ल्यूने संपूर्ण लिहून परत वाचून पाहिली. एकही चूक नाही.

१४ डिसेंबर, रविवार

क्लोन करायचं की विंडोज नव्याने टाकायचं, यावर बराच विचार केला. नव्याने टाकणं स्वच्छ असतं आणि एरवी मी तेच सुचवते. इथे क्लोन, कारण दोन. पट्टी छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची कागदाची मापं दिवाणजींनी कित्येक वर्षांपूर्वी बसवलेली आहेत आणि ती कुठेही लिहिलेली नाहीत. आणि श्रीलिपी, मराठी टंकनाचं जुनं सॉफ्टवेअर. बाजार समितीला, बँकेला, शेतकऱ्यांना पाठवलेली सगळी जुनी मराठी पत्रं तिच्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट युनिकोड नाही. फाँट नसलेल्या संगणकावर तीच पत्रं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. मूळ सीडी आडतीत सापडत नाही.

अडचण मापाची. १ टीबीवरून ५०० जीबीवर यायचं. आतला वापर १४० जीबीच, पण सी विभाग पसरलेला आणि त्याच्या मागे, डिस्कच्या टोकाला रिकव्हरीचा विभाग. विभाग आकसणं हे मूळ डिस्कवर कदापि करायचं नाही. ते सगळं माझ्या प्रतीवर केलं: जीपार्टेडने सी ४०० जीबीवर आणला, रिकव्हरी त्याला चिकटवला, मग क्लोनझिलाने एसएसडीवर. जीपीटी तक्त्याची राखीव प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असते. लहान डिस्कवर आल्यावर ती नव्या टोकाला लिहून घ्यावी लागते, ते जीडिस्कने केलं. उरलेली जागा मोकळीच सोडली, डिस्कला आतल्या आत आवराआवरीसाठी ती उपयोगी पडते.

बसवताना: जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड, नवी ७. बाजूच्या स्क्रूची भोकं दोन्हींत तळापासून ३ मिलिमीटरवरच असतात, त्यामुळे जोडणी बरोबर समोर येते. अडीच मिलिमीटरची पोकळी राहते ती वरच्या अंगाला. एसएसडीसोबत आलेली प्लास्टिकची चौकट तिथे लावली, म्हणजे झाकण दाबलं तरी डिस्क हलत नाही. साटाची चपटी केबल नखाने हळूच सरळ ढकलली. ती तिरकी ओढली की आतली तार तुटते आणि मग दोष डिस्कवर येतो.

पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क किंवा तिची प्रत यूएसबीला लावलेली नव्हती. दोन्हींची ओळखचिन्हं एकसारखी असतात, विंडोज गोंधळून भलत्याच डिस्कवरून सुरू होऊ शकतं.

चालू झाला.

१५ डिसेंबर, सोमवार

तपासणी. पहिल्या विभागाची सुरुवात १०२४ केबीवर, म्हणजे ४ केबीच्या घरात नीट बसलेला. ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणं, चालू आहे. ड्राइव्ह ऑप्टिमाइझच्या खिडकीत 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं दिसतं, म्हणजे विंडोज आता याला डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) करणार नाही, ट्रिमच पाठवेल. डिस्कचं माप ४६५ जीबी दिसतं. दिवाणजींनी हे विचारलंच, त्यांना बिलावरचे पाचशे आठवत होते. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. कमी काही दिलेलं नाही.

वेग मोजणारा क्रिस्टलडिस्कमार्क: सलग वाचन ५३० एमबी, जुन्या डिस्कचं १०० च्या आतबाहेर. पण मला बघायचा होता तो शेवटच्या ओळीतला आकडा, विखुरलेलं ४ केबीचं वाचन. जुनीचं सेकंदाला अर्ध्या एमबीच्याही खाली होतं, नवीचं ३१. म्हणजे साठ-सत्तरपट. सकाळी लॅपटॉप झटकन उघडतो तो या ओळीमुळे, जाहिरातीतल्या ५५० मुळे नाही.

दुपारी यार्डात. मुलाच्या संगणकावरून टॅलीचा परवाना परत आणला, मधल्या दिवसांच्या नोंदींचा बॅकअप उतरवला. प्रिंटरवर एक पट्टी छापून बघितली. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळे रकाने जागच्या जागी. श्रीलिपीतलं एक जुनं पत्र उघडलं, सुरेख दिसलं. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकनही ओळखलं गेलं. दिवाणजींनी लॅपटॉप स्वतः दोनदा बंद-चालू केला आणि म्हणाले, "हे आधीच करायला पायजे होतं की ओ."

११ जानेवारी २०२६, रविवार

महिनाभराने पाहणी. सी फाइव्हचा प्रश्न आता नाही. एसएसडीचं आरोग्य १०० टक्के, लिहिलेलं प्रमाण अंदाजाच्या आतच.

बॅकअपची शिस्त लावून दिली आहे. हार्ड डिस्क मरताना खुणा तरी देते, एसएसडी कित्येकदा एका क्षणात गप्प होते, आणि पुसलेलं ट्रिममुळे सहसा परत मिळत नाही. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी टॅलीचा बॅकअप आणि कागदपत्रांचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. अशा डिस्क दोन, आलटून पालटून. एक आडतीत, एक आण्णांच्या मुलाच्या विश्रामबागच्या वरच्या मजल्यावरच्या घरात. गावभागात नाही.

या दोन्ही फिरत्या हार्ड डिस्क आहेत, मुद्दाम. आण्णा म्हणत होते, एसएसडी एवढी चांगली तर तीच तिजोरीत ठेवू. पण एसएसडीतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि विजेविना पडून राहिली की तो हळूहळू झिरपतो. जेडेक या मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने लेखनाचं आयुष्य संपल्यावरही ३० अंशांत एक वर्ष माहिती धरली पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. नवी डिस्क याहून बरीच जास्त धरते, पण एप्रिल-मे मधल्या सांगलीत लोखंडी तिजोरीच्या आत ३० अंश कुठले.

जुनी डिस्क पाकिटात घालून, वर तारीख आणि 'यावर काही लिहू नये' असं लिहून आण्णांकडे दिली आहे. या वर्षाचं लेखापरीक्षण झाल्यावर ती पूर्ण शून्यांनी पुसून, भोक पाडून ई-कचऱ्यात द्यायची. माझ्या २ टीबीवरची प्रतही त्याच दिवशी पुसेन. शेतकऱ्यांची बँक खाती, आधारचे स्कॅन त्यात आहेत.

एक काम बाकी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इथला सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. आज वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. हळदीचा हंगाम तोवर उरकलेला असेल, तेव्हा पावसाळ्यात बसून पुढचं ठरवू असं आण्णांशी बोलणं झालं आहे.